बाजारातला बैल आणि मालकीचा कागद

प्रश्न : सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिल्लार खोंड घेतला. दीड महिन्याने पोलीस दारात आले. खोंड चोरीचा आहे म्हणाले. मी रोख पैसे मोजलेत, पावतीही आहे. खोंड माझाच ना?

नाही. माल विक्री कायदा १९३०, कलम २७ : विकणाराच मालक नसेल, तर घेणाराही मालक होत नाही. भर बाजारात, चार माणसांदेखत रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरला तरी चोरीचं जनावर चोरीचंच राहतं. मूळ मालकाने ओळख पटवली की खोंड त्याच्या दावणीला जाणार.

पावती वाया जात नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा आरोप (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७) तुमच्यावर टिकणं त्यामुळे अवघड होतं. शिवाय पैसे वसूल करायला विकणाऱ्याचं नाव-गाव हाती राहतं.

पण तुमच्या पावतीवर वर्णन काय, तर 'खोंड, पांढरा'. खिल्लारांच्या बाजारात पांढरा म्हणजे काही न सांगितल्यासारखंच! दात किती, शिंगांचं वळण कसं, अंगावर केसांचा भोवरा कुठे, हे लिहून घ्यायचं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर स्वतः वाचून घ्यायचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात तो कोणाच्या नावावर आहे हे विचारायचं. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला बंदी केली आहे. बिल्ला उपटल्याने फाटलेला कान, त्यावर ताजी खपली आणि भाव दहा हजारांनी कमी, असं दिसलं तर तिथून चालू लागा.

प्रश्न : रात्रीतून गोठ्यातल्या दोन शेळ्या नेल्या. पोलीस ठाण्यात 'अर्ज देऊन जा, सापडल्या तर कळवू' असं उत्तर मिळालं. पुढे काय?

अर्जावर थांबू नका, एफआयआर मागा. तिची प्रत फुकट मिळते. नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

मजकुराची मात्र काळजी घ्या. घाईत माणसं 'किंमत अंदाजे चार हजार' लिहून मोकळी होतात. ५ हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेव्हा आजचा खरा बाजारभाव लिहा. दुसरं म्हणजे शेळ्या कुठून गेल्या ते लिहा. रानातून नेल्या तर न्याय संहितेचं कलम ३०३, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. घरातून किंवा माल ठेवायच्या बांधीव जागेतून नेल्या तर कलम ३०५, ७ वर्षांपर्यंत. गोठ्याला भिंती, छप्पर, कडी असेल तर ते तक्रारीत आलंच पाहिजे.

प्रश्न : गाय चोरीला गेली तर विमा मिळतो का?

सहसा नाही. जनावरांचा विमा मुख्यतः मृत्यूसाठी असतो आणि चोरी त्यातून वगळलेली असते. पॉलिसीतला तो परिच्छेद आजच वाचा.

प्रश्न : (मंगळवेढा तालुका) माझी गाय शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. त्याने ती बांधून ठेवलीय, पाच हजार दिल्याशिवाय सोडत नाही. चोरीची केस करू?

पीक खाणारं जनावर धरायचा त्याला हक्क आहे, त्यामुळे चोरी म्हणून ही केस उभी राहणं कठीण. पण आपल्याच दावणीला बांधून वसुली करायचा हक्क नाही. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याप्रमाणे गाय २४ तासांच्या आत कोंडवाड्यात जायला हवी. नुकसान त्याने रीतसर मागावं, ज्वारी मालदांडी असली तरी. तुम्ही रात्री जाऊन दावं कापून गाय आणू नका. मग तुमच्यावरच तक्रार होईल. उद्या सकाळी दोन पंच घेऊन जा, आधी पीक बघा, मग गाय. जाताना वैरणीची पेंढी घेऊन जा, त्याने घातली असेलच असं नाही.