टी आणि बी पेशींना जंतू आणि धोका नेमका कसा कळतो?

टी आणि बी या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. बी पेशी जंतूचा आकार थेट ओळखते, टी पेशीला मात्र त्याचे तुकडे दुसऱ्या पेशीने दाखवावे लागतात. आणि 'हा धोका आहे' हे दोघींना मुख्यतः बाहेरूनच कळते. वाळव्याकडे उसाच्या फडात कोयता पायाला लागला असे समजा. जखमेतल्या डेंड्रिटिक पेशींवर (जंतू गिळून त्याचे तुकडे टी पेशीला दाखवणाऱ्या पेशी) टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे रेणू असतात. जंतूंच्या आवरणातले घटक आणि फुटलेल्या पेशींतून सांडलेले एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) यांनी त्या जाग्या होतात, जंतू गिळतात आणि जांघेतल्या लसिका गाठीत जातात. अवधाण येते ते त्याच गाठीचे.

तिथे टी पेशीला दोन खुणा एकत्र मिळाव्या लागतात:
- एमएचसी रेणूवर (पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडणारा रेणू) मांडलेला जंतूच्या प्रथिनाचा तुकडा (वर्ग १ वर साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा, वर्ग २ वर त्याहून लांब)
- जाग्या झालेल्या डेंड्रिटिक पेशीवरचे सीडी८०/८६ हे रेणू, म्हणजे धोक्याचा इशारा, जो टी पेशीवरचा सीडी२८ हा रेणू पकडतो

नुसती पहिली खूण मिळाली तर टी पेशी निपचित पडते. हे फार मोलाचे आहे, कारण आपल्याच प्रथिनांवरचा हल्ला त्यामुळे बराचसा टळतो. धनुर्वाताच्या लशीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घालतात तोही बराचसा या दुसऱ्या खुणेसाठी. बी पेशीलाही पक्की, टिकाऊ प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी प्रथिने) बनवायला बहुधा मदतनीस टी पेशी लागते.

एक अपवाद: बी पेशीत स्वतःचे टोल-लाइक रिसेप्टरही असतात (उदा. जंतूच्या डीएनएसाठी टीएलआर-९), त्यामुळे ती अगदीच परावलंबी नाही.