टेलिकॉमच्या उपकरणांत मुद्दाम ठेवलेले चोरदरवाजे खरंच असतात का? कोड तपासून ते सापडत नाहीत का?

असतात. पण नुसता कोड तपासून ते सापडतीलच असं नाही. मी बरीच वर्षं नेटवर्क देखभालीत आहे, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो.

ब्रिटनने नेमका हाच प्रयत्न केला. हुआवे या चिनी कंपनीची उपकरणं तपासायला बॅनबरी इथे 2010 पासून खास केंद्र होतं; ते हुआवेचंच, पण ब्रिटिश सरकारच्या देखरेखीखाली. 2019 च्या अहवालात गंभीर त्रुटी नोंदवल्या गेल्या, पण त्यामागे चिनी सरकारचा हात आहे असं तपासणाऱ्यांना वाटलं नाही. कारण होतं ढिसाळ काम. मुख्य अडचण वेगळीच होती: वाचायला दिलेला कोड आणि प्रत्यक्ष यंत्रात चालणारा कोड एकच आहे याची खात्रीच देता येईना.

आपल्याकडे 15 जून 2021 पासून विश्वासार्ह ठरवलेल्या पुरवठादारांचीच नवी उपकरणं नेटवर्कला जोडता येतात. नियम चांगला आहे. पण ग्रीसच्या राजधानीत, अथेन्सला, जे घडलं, ते त्याने थांबलं नसतं.

तिथे 2004-05 मध्ये व्होडाफोनच्या शंभरावर ग्राहकांचे फोन चोरून ऐकले जात होते. त्यांत पंतप्रधान कोस्तास करामानलिस आणि काही मंत्रीही होते. एक्स्चेंज स्वीडनच्या एरिक्सनचे, म्हणजे कुणालाही संशय न येणारे. पोलिसांना कायदेशीर आदेशाने फोन ऐकता यावेत म्हणून त्यांत टॅपिंगची सोय आलेली होती. ती चालवणारं आणि टॅपचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र व्होडाफोनने घेतलेलं नव्हतं. घुसखोरांनी चालू एक्स्चेंजमध्ये आपला कोड घातला, तीच सोय वापरून संभाषणं 14 प्रीपेड मोबाइलांकडे वळवली. चालू प्रोग्रामची यादी मागवली तरी हा कोड त्यात दिसत नसे.

सापडला तो घुसखोरांच्याच चुकीने. जानेवारी 2005 मध्ये त्यांनी आपला कोड बदलला आणि लोकांचे एसएमएस अडकायला लागले. एरिक्सनचे इंजिनियर त्याचं कारण शोधता शोधता इथवर पोचले. मग व्होडाफोनने घाईने तो कोड काढून टाकायला लावला. ते 14 मोबाइल लगेच बंद पडले, माग हरवला.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते यापुढचं. एक्स्चेंजच्या इमारतीत कोण आलं-गेलं याच्या नोंदवह्या नेहमीच्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी नष्ट केल्या गेल्या. यंत्रणेत कोण शिरलं होतं याच्या नोंदीही सर्व्हर बदलताना गेल्या. म्हणून उपकरण कुठल्या देशाचं, हे तुम्ही जरूर विचारा. पण त्यात लॉगिन कोण करतं आणि त्याची नोंद त्या यंत्राबाहेर, वेगळ्या माणसांच्या ताब्यात किती दिवस राहते, हे मी आधी विचारेन.