दोस्ताची रायफल घ्यायची, पण कितीला?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, कोल्हापूरच्या दुधाळी शूटिंग रेंजवर क्लबची एअर रायफल मारते. तालमीतल्या माझ्या जुन्या दोस्ताचा पोरगा इंजिनिअरिंगला गेला, नेमबाजी सुटली, तर तो सगळं कीट मला द्यायला तयार आहे, रायफल, जॅकेट, ट्राऊझर, शूज. पण भाव विचारला की एकच, "भावा, तुला काय द्यायचं ते दे." आता किती देऊ?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : "काय द्यायचं ते दे" म्हणणाऱ्याच्या डोक्यात आकडा असतोच, फक्त तो बोलत नाही, आणि नंतर वर्षभर वहिनींच्या तोंडून ऐकायला मिळतो. तेव्हा आकडा तुम्हीच काढा आणि तोही एकगठ्ठा नको, एकेक वस्तू वेगळी धरा.

आधी रायफल. त्यांचं जुनं बिल बाजूला ठेवा, तेच मॉडेल नवीन आज कितीला मिळतं ते दुकानात विचारा, कारण इंपोर्टेड माल दरवर्षी चढतोय आणि जुन्या बिलावर भाव धरला तर दोस्तावर अन्याय होतो. चांगली ठेवलेली मॅच रायफल असेल तर मी आजच्या किमतीच्या साठ टक्क्यांपासून सुरू करतो. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गाल टेकायचा भाग) पोरीच्या मापाला सरकवता येतात, त्यासाठी पैसे कापू नका. पोरगा डावखुरा होता का तेवढं मात्र बघा.

खरी मेख रायफलच्या हवेच्या सिलिंडरमध्ये आहे. त्यावर तारीख कोरलेली असते, आयएसएसएफच्या, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात जास्तीत जास्त १० वर्षं, म्हणजे २०१६ चा असेल तर २०२६ नंतर मॅचला चालत नाही. अशा वेळी नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत वजा करायची, लाजायचं नाही. समजा नवी रायफल २,२०,००० ची, साठ टक्के म्हणजे १,३२,०००, सिलिंडर २५,००० चा धरला तर राहिले १,०७,०००. पैसे देण्याआधी सिलिंडर २०० बार दाबाला भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलेत, तोही खर्च कापा. आणि कोचना क्लॅम्पला लावून दहा गोळ्या मारून बघायला सांगा, ग्रुप कसा पडतो, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते दोघांच्या समोरच दिसू दे.

जॅकेटचे पैसे मी तरी देणार नाही. कॅनव्हास वापरून मऊ पडतो, मग पाठीला आधार राहत नाही, आणि ते शिवलेलं त्या पोराच्या मापाचं, तुमच्या पोरीच्या खांद्यावर लोंबणार. प्रॅक्टिसला फुकट देत असतील तर घ्या. ट्राऊझरचं तेच. शूज मापात बसले तर थोडेफार द्या.

हा हिशोब कागदावर मांडून दोस्तासमोर ठेवा आणि त्यांना एखादा आकडा खोडायला सांगा. एकदम जमत नसेल तर दोन हप्ते करा, पण तारखा त्याच कागदावर, सोबत रायफलचा नंबर आणि मूळ बिल. .१७७ बोअरच्या (नळीचा व्यास, इंचात), २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्यामुळं एवढं पुरतं.

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मारलं ते ५० मीटरला, पॉईंट टू टू म्हणजे काडतुसाच्या रायफलनं. तसली रायफल दोस्ताकडनं घ्यायची झाली तर तुमच्याकडं लायसन्स पाहिजे, आणि विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्यात लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. तिथं भावाची बोलणी नंतर.