वाचक विचारतात : वाळवंटातली हिरवळ काढताना

अमेरिकेतल्या लास व्हेगास आणि फिनिक्स भागातून अंगणातलं लॉन काढण्याबद्दल प्रश्न आले आहेत. सोलापूरहूनही एक पत्र आहे.

प्रश्न : लास व्हेगासजवळ हेंडरसनला राहतो. घरापुढे ८०० चौरस फूट लॉन आहे. कापणाऱ्याखेरीज त्यावर कुणी पाऊल टाकत नाही. ते काढायला सुरुवात कुठून करू? २०२७च्या कायद्यात माझं लॉन येतं का?

उत्तर : फावडं हातात घेण्याआधी अर्ज करा. सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटी ही तिथली पाणीपुरवठा संस्था काढलेल्या लॉनसाठी चौरस फुटामागे पैसे देते, पण आधी त्यांच्या माणसाने येऊन जिवंत गवत पाहावं लागतं. गवत आधीच उपटलं तर अनुदान गेलं. दर बदलत राहतात, तेव्हा अर्ज करतानाचा दर पाहून खर्चाचा हिशेब मांडा.

नव्या बागेतली झाडं-झुडपं पूर्ण वाढल्यावर निम्मी जमीन तरी पानांखाली झाकली जावी, अशी त्यांची अट असते. अनेकांना ती जाचक वाटते. आम्हाला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते. नुसती खडी पसरलेलं अंगण दिवसभर तापतं, रात्री ती धग भिंतीला देतं आणि एसीचं बिल वाढतं. पश्चिमेला पालो व्हर्दे, मेस्कीट किंवा डेझर्ट विलो लावा. खाली टेक्सास सेज, लाल युक्का, घाणेरी चालते.

कायदा २०२१चा आहे. १ जानेवारी २०२७पासून दुभाजक, ऑफिसांच्या दर्शनी पट्ट्या, वसाहतींची प्रवेशद्वारं अशा निव्वळ शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी देता येणार नाही. स्वतंत्र घराचं खासगी अंगण त्यात येत नाही. तरीही काढाच. तिथल्या मोजणीनुसार लॉनला चौरस फुटामागे वर्षाला ७३ गॅलन म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागलं, तर वाळवंटी बागेला ६५ लिटर. तुमच्या ८०० फुटांचा फरक १ लाख ६८ हजार लिटर होतो, म्हणजे दहा हजारी टँकर धरले तर जवळजवळ १७. मोरीतून, बेसिनमधून गेलेलं पाणी शुद्ध होऊन लास व्हेगास वॉश या ओढ्यामार्गे पुन्हा लेक मीडमध्ये, म्हणजे कोलोरॅडो नदीवरच्या धरणाच्या जलाशयात जातं आणि तेवढं पाणी परत उचलता येतं. लॉनवरचं पाणी हवेत उडून जातं, ते परत येत नाही.

प्रश्न : फिनिक्सला राहते. फेब्रुवारीत तणनाशक मारून लॉन जाळलं, तण रोखणारं कापड अंथरलं, खडी टाकली. मे महिन्यात खडीतून गवताचे शेंडे वर आले. काय चुकलं?

उत्तर : वेळ चुकली. तिथलं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. लॉनसाठी तिच्या संकरित जाती लावतात, एवढंच. हरळी किती चिवट असते हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायला नको. थंडीत ती पिवळी पडून झोपते, आणि फिनिक्सकडे ऑक्टोबरात तिच्यावर राय हे थंडीत हिरवं राहणारं गवत पेरतात. फेब्रुवारीत हिरवं दिसत होतं ते बहुधा राय. तुम्ही ते मारलं, हरळीच्या कांड्या जमिनीत शाबूत राहिल्या.

ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून मुळांकडे उतरतं, तेही गवत जोमात वाढत असेल तरच. म्हणून आता खडी बाजूला ओढा, दोन-तीन आठवडे भरपूर पाणी द्या, कापू नका, हरळी चांगली हिरवीगार होऊ द्या. मग बाटलीवरच्या लेबलाप्रमाणे, वारा नसताना फवारा. लगेच उपटू नका, आठ-दहा दिवस जाऊ द्या. पुन्हा पाणी द्या, पुन्हा फुटलं की पुन्हा फवारा. दोन ते तीन फेऱ्या लागतातच. पालो व्हर्देची साल हिरवी असते आणि औषध शोषते, तेव्हा खोडावर तुषार जाऊ देऊ नका.

रोटाव्हेटर अजिबात फिरवू नका. एका कांडीचे दहा तुकडे होतात आणि प्रत्येक पेराला फुटवा येतो. कापडही काढून टाका, मुळं त्याच्या विणीत अडकली की उपटणं अशक्य होतं. प्लास्टिक तर नकोच, पाणी मुरत नाही. ५ ते ७ सेंटिमीटर खडी पुरे.

तुमच्याकडे हरळीऐवजी टॉल फेस्क्यू हे झुपक्याने वाढणारं गवत असतं तर ते मशीनने मुळासकट एकदा कापून काढलं की काम झालं असतं.

प्रश्न : लॉन काढून ठिबक केलं. वर्षात जुनी तुती शेंड्याकडून वाळू लागली. तिला दोन ड्रिपर आहेत.

उत्तर : ते झाड इतकी वर्षं लॉनच्या पाण्यावर जगत होतं. पाणी पिणारी मुळं खोडाशी नसतात, पानांच्या घेराखाली पसरलेली असतात. खोडाजवळचे दोन ड्रिपर एवढ्या झाडाला काय पुरणार?

घेराची त्रिज्या ३ मीटर असेल तर इनलाइन ठिबक नळीची (ड्रिपर आतच बसवलेली नळी) तीन कडी करा : खोडापासून दीड, सव्वादोन आणि तीन मीटरवर. नळी साधारण ४२ मीटर लागते. दर ३० सेंटिमीटरला २ लिटरचा ड्रिपर धरला तर तासाला २८० लिटर पाणी पडतं. तीन-चार तास चालवा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई दाबून पाहा : ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड्याला लागली की अडते. झाडाला ९० सेंटिमीटर, झुडपाला ६० सेंटिमीटर ओल हवी. सळई ३० सेंटिमीटरवर टणकन थांबली तर तो कॅलिचे, म्हणजे चुनखडीचा घट्ट थर असू शकतो. तिथे पाणी थोडं-थोडं, मध्ये विश्रांती देऊन सोडा.

हे लॉन काढायच्या आधीच करायला हवं होतं. आताही करा, पण वाळक्या फांद्या छाटायची घाई नको.

प्रश्न : रोज १० मिनिटं ठिबक चालवतो, तरी झुडपांच्या पानांच्या कडा करपतात. ड्रिपरही सारखे उडतात.

उत्तर : दहा मिनिटांत वरचे चार बोटं भिजतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचतात. कडा करपतात त्या बहुधा क्षारांनी. रोजचं थांबवा, एकदाच दीड-दोन तास द्या आणि मधले दिवस वाढवा. ड्रिपर उडतात कारण तुषार सिंचनाची जुनी लाइन थेट ठिबकला जोडली आहे. व्हॉल्व्हनंतर फिल्टर आणि २५ ते ३० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर रेग्युलेटर बसवा.

प्रश्न : सोलापुरात सोसायटीचं लॉन काढून असंच करावं का?

उत्तर : लॉन जरूर काढा, ही झाडं मात्र आणू नका. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि घायपातीसारखी झाडंही कुजतात. कडुनिंब, आपटा, बहावा लावा. आळं खोडाशी न करता घेराखाली करा आणि वाफसा आल्यावरच खणा. खडीऐवजी पालापाचोळ्याचं ८ सेंटिमीटर आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकू देऊ नका.