आधी त्याचं तोंडी ऐका

तुमच्या चौथीतला एक मुलगा तोंडी छान सांगतो, पण लिहिताना चुकतो, त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंत. तो आळशी नाही, हे आधी मनात पक्कं करा. ही अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार मुलालाही वाचन-लेखनात येणारी अडचण, असू शकते. गोष्ट रंगवून सांगणारं मूल वहीत ‘घ’चा ‘ध’ करतं, तेव्हा ‘दहा वेळा लिहून आण’ म्हणून काही साधत नाही. सुरुवातीला मीही तेच करायचे. एका मुलीनं त्यामुळे वर्गात बोलणंच सोडलं. ते अजून सलतं.

मराठीत खरी कसोटी रफार आणि पहिल्या वेलांटीची. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर, रफाराचं नेमकं उलट. म्हणून ‘सूर्य’ हा शब्द ‘सूर्‌’, ‘य’ असा टाळी वाजवत फोडा, रेतीत बोटानं गिरवू द्या. आणि हे सगळ्या वर्गाकडून करून घ्या, त्याला एकट्याला बाजूला बसवून नको. अचानक उभं करून वाचायला लावू नका. विज्ञानाचं उत्तर तोंडी घ्या, तिथे शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

निदान मात्र स्वतः करू नका. पालकांना वहीतल्या नोंदी दाखवा, तपासणी सुचवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी दहावी उजाडायची वाट पाहू नका.