‘एनलायटनमेंट’साठी मराठीत कोणता शब्द?

प्रश्न : बुद्धांना बोधगयेला जे लाभले तेही इंग्रजीत एनलायटनमेंट आणि अठराव्या शतकातील युरोपीय विचारपर्वही एनलायटनमेंट. मराठीत मात्र संबोधी, ज्ञानोदय, प्रबोधन असे निरनिराळे शब्द आढळतात. कोणता कुठे वापरावा? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : बुद्धांच्या संदर्भात संबोधी हाच शब्द योग्य आहे. तो मूळचा आहे. एनलायटनमेंट हा त्याला इंग्रजी भाषांतरकारांनी दिलेला पर्याय आहे. तृष्णेचा क्षय आणि दुःखाच्या कारणांचे ज्ञान हा त्याचा गाभा, आणि तो ज्याचा त्याने अनुभवायचा असतो. ‘बुद्धांचे प्रबोधन’ असे लिहिल्यास मात्र बुद्धांनी लोकांना केलेला उपदेश असा अर्थ होईल, कारण आजच्या मराठीत प्रबोधन म्हणजे दुसऱ्याला जागे करणे. व्यसनमुक्तीचे प्रबोधन आपण म्हणतो ते याच अर्थाने.

युरोपीय पर्वाला ज्ञानोदय म्हणावे, असे माझे मत आहे. शालेय इतिहासात रेनेसान्सलाही, म्हणजे युरोपातील त्याआधीच्या कला-विद्यांच्या पुनरुज्जीवनालाही, प्रबोधन म्हटले जात असल्याने दोन वेगळ्या कालखंडांची सरमिसळ होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बर्लिनच्या एका मासिकात विचारल्या गेलेल्या ‘एनलायटनमेंट म्हणजे काय?’ या प्रश्नाला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८४ मध्ये उत्तर दिले, की माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या परावलंबनातून बाहेर पडणे म्हणजे एनलायटनमेंट. बुद्धी असूनही ती दुसऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय वापरण्याचे धैर्य नसणे, हे ते परावलंबन. येथे कोणी कोणाला जागे करायचे नाही. स्वतः विचार करण्याचे आणि तो जाहीरपणे मांडण्याचे स्वातंत्र्य हवे, इतकेच.

पुण्यात मात्र एवढ्याने भागणारे नव्हते. ज्यांना अक्षरच नाकारले होते, त्यांचे अज्ञान त्यांनी ओढवून घेतलेले कसे म्हणावे? ते लादलेले होते, हे जोतीराव फुल्यांनी ओळखले, आणि म्हणून १८४८ मध्ये मुलींची शाळा आधी निघाली, सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला. धैर्याचे आवाहन करण्यापूर्वी येथे कोणीतरी दार उघडून देणे भाग होते. या कार्याला ज्ञानोदय म्हटले तर सावित्रीबाई आणि जोतीरावांचे कष्ट त्या शब्दात उतरत नाहीत, जणू ज्ञान आपोआप उगवले. महाराष्ट्रातील या चळवळीसाठी प्रबोधन हाच शब्द ठेवावा.