काका पैसे घेत नाहीत, मग इंजिन न्यायचं कसं?

छंदकट्टा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे मॉडेल रेल्वेची, एचओ मापाची (खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढी) काही जुनी इंजिनं आहेत. नेरूळचे एक निवृत्त काका ती दुरुस्त करून देतात आणि पैशांचा विषय काढला की "राहू दे रे" म्हणून उडवून लावतात. मिठाई नेली तर निम्मा पुडा आपल्याच हातात परत! आता आणखी दोन इंजिनं बिघडली आहेत, पण न्यायला संकोच वाटतो. त्यांचे आभार मानायचे तरी कसे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : संकोच सोडा, पण इंजिन नेण्याची पद्धत बदला. अशा माणसाचा वेळ अवघड कामात कमी जातो. तो जातो चाकांवरची काजळी खरवडण्यात, हरवलेल्या स्क्रूच्या मापाचा दुसरा शोधण्यात आणि "चालत नाही" एवढ्या दोन शब्दांवरून बिघाड हुडकण्यात. हे सगळं नौपाड्यातल्या घरी होण्याजोगं आहे.

आधी दोष इंजिनात आहे की रुळात, ते ठरवा. मीटरभर सलग, मधे जोड नसलेला रूळ टेबलावर ठेवून त्यावर एखादं चांगलं चालणारं इंजिन फिरवा. तेही अडखळलं तर दोष रुळात किंवा कंट्रोलरमध्ये, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या, वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्यात. ते इथे नीट चाललं आणि मांडणीवर अडखळलं, तर रुळांचे जोड सैल झालेत, किंवा रूळ पितळी असतील तर त्यांवर ऑक्साइडचा थर आलाय. दोन्हींसाठी काकांची गरज नाही.

मग चाकं. किचन टॉवेलची पट्टी दोन्ही रुळांवर आडवी टाकून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे आठ-दहा थेंब सोडा. इंजिनाची एका टोकाची चाकं पट्टीवर, दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून कंट्रोलर निम्म्यावर न्या. चाकं जागीच फिरतात आणि कागदावर काळ्या रेघा उमटतात. कागद सरकवत राहा, रेघा फिक्या पडल्या की टोक बदला. जुन्या काही इंजिनांत एका टोकाची चाकं एकाच रुळातून वीज घेतात, तिथे ही युक्ती चालणार नाही. त्यांत कंट्रोलरच्या दोन वायरी थेट मोटरच्या टोकांना लावून चाकं फिरवा आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. अल्कोहोल बॉडीवरच्या अक्षरांना लागू देऊ नका, छपाई उठते.

एवढ्यावर बरीच इंजिनं चालू लागतात. नाहीच लागलं, तर लक्षणं कागदावर लिहा. दिवा लागतो पण मोटर मुकी : ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत किंवा ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या फटींत कार्बन भरलाय. मोटर गुणगुणते पण चाकं हलत नाहीत : गिअरमधलं जुनं ग्रीस वाळून घट्ट झालंय. मोटर सुसाट, चाकं थंड : मोटर आणि वर्म (स्क्रूसारखा गिअर) यांच्यामधला जोड निसटलाय. बोटाने ढकललं की चालतं : वीज घेणाऱ्या पत्त्या चाकाला टेकत नाहीत. सोबत कंपनीचं नाव, कॅटलॉग क्रमांक आणि आधी कोणी कुठलं तेल सोडलं तेही लिहा. दाराच्या बिजागरीवर मारायचा गंजनाशक स्प्रे मारला असेल तर तो आधी सांगा. तो कम्युटेटरवर पसरतो, धूळ धरतो आणि मग मोटर पूर्ण उघडून धुवावी लागते. खरं तेल, म्हणजे प्लास्टिकला चालणारं पातळ तेल, बेअरिंगला सुईच्या टोकाएवढंच लागतं.

खोललेले स्क्रू कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. ट्रान्सहार्बर लोकलने जाणार असाल तर इंजिन मूळ खोक्यात, बॅग पोटाशी. पाठीवरच्या सॅकमध्ये गर्दीत मागचे कपलर (डबे जोडणारे आकडे) आणि हातकठडे तुटतात, आणि ते चिकटवण्याचं कामही काकांच्याच गळ्यात पडतं. एका वेळी एकच इंजिन न्या.

आता आभार. "किती झाले?" हा प्रश्नच विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. लागणारा भाग कोणता ते विचारा आणि तो स्वतः मागवून त्यांच्या पत्त्यावर पाठवा. एकाऐवजी दोन मागवा, दुसरा त्यांच्या खणात राहील. मिठाईपेक्षा त्यांना उपयोगी पडेल अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ०.६ मि.मी.ची सोल्डर तार, सोल्डर ओढून घेणारी तांब्याची वेणी आणि सुईच्या तोंडाची तेलाची बाटली. सगळ्यांत मोलाची भेट म्हणजे मोडकं इंजिन. ज्याची बॉडी फुटलीय पण मोटर आणि गिअर शाबूत आहेत, अशा एकातून इतर तीन-चार उभी राहतात. तुमच्या माळ्यावर तसं एखादं असेल तर ते विकू नका, त्यांना द्या.

आणि त्यांची परवानगी असेल तर शेजारी बसून वही लिहा : कुठलं इंजिन, काय बिघाड, कुठल्या मापाचा भाग बसला. ते सहसा स्वतः लिहीत नाहीत. त्यांचा नंबर मात्र न विचारता कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. उत्साहाच्या भरात लोक तेच करतात आणि मग काकांना रात्री दहाला फोन येतात.

प्रश्न : माझं डिझेल इंजिन चाकाच्या दर फेऱ्याला एकदा "टक्" असं उडी मारतं. काकांनी गिअर बदलावा लागेल असं सांगितलं. इन्स्टंट ग्लूने चिकटवला तर त्यांचा त्रास वाचेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : वाचणार नाही, वाढेल. अशा इंजिनात धुरा दोन तुकड्यांचा असतो आणि मधला प्लास्टिकचा गिअर त्यांना जोडतो, शिवाय दोन्ही चाकं विजेपासून वेगळी ठेवतो. काळाने प्लास्टिक आकसतं, पण आतला धातू आकसत नाही, म्हणून गिअर दाताच्या मुळाशी उभा चिरतो. तिथे दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तो भाग वर आला की टक्. हे गिअर बहुधा असिटल किंवा नायलॉनचे असतात. त्यांना हा गोंद धरत नाही, आणि ओघळून धुऱ्यावर गेला तर चाकच जाम होतं.

चीर नीट बघायची तर चाकांचा संच खाली काढून भिंगातून दातांच्या मुळाशी पाहा. एक चिरलेला सापडला तर बाकीचेही तपासा, एकाच वयाचे असतात. नवे मागवताना दातांची संख्या, बाहेरचा व्यास, रुंदी आणि धुऱ्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून कळवा. नवा बसवल्यावर दोन चाकांमधलं आतलं अंतर एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) गेजने तपासायलाच हवं. ते कमी-जास्त राहिलं तर इंजिन सरळ रुळावर छान धावेल आणि सांध्यावर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, घसरेल. गेज काकांकडे असतोच, तेवढं काम त्यांनाच करू द्या.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून आणलेला कंट्रोलर थेट लावू का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : नाही! तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलात तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं कुणीही फुकटात गुंडाळून देऊ नये. २३० वरून ११० करणारा स्टेपडाउन लागेल, कंट्रोलरवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. ५० हर्ट्झवर कंट्रोलर थोडा जास्त तापतो, म्हणून अर्ध्या तासाने हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर बंद करा.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. जुन्या इंजिनाची चॅसी फुगून बॉडी अडकली आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी "याला हात लावत नाही" म्हटलं. दुसरीकडे दाखवू का? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : त्यांनी योग्य तेच सांगितलं. ती चॅसी जस्ताच्या मिश्रधातूची, झॅमॅकची आहे. ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली तर धातू आतून कणाकणाने सुटतो, फुगतो, चिरा पडतात, आणि दमट हवेत ते लवकर होतं. यावर इलाज नाही. जोर लावलात तर बॉडीही फुटेल. बॉडी हळूच मोकळी होत असेल तर करा, मोटर, चाकं, दिवे काढून ठेवा.

चांगली इंजिनं पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल. निळी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोनेक तास वाळवून परत वापरा. खोक्यातला जुना फोम चिकट झाला असेल तर काढून टाका, तो रंगाला चिकटतो. आणि कपाटात ठेवणार असाल तर तिथल्या डांबराच्या गोळ्या आधी बाहेर काढा. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन प्लास्टिकची बॉडी मऊ पडते.